ठराव क्रमांक सत्तावीस

गावसभेच्या दिवशी सकाळी साडेसातलाच क्लेटनने बहिणीला टाउन हॉलच्या पायऱ्यांवर गाठलं. मार्जरीच्या हातात बीन्सचं गरम मडकं होतं. त्यामुळे तिला थांबणं भाग होतं आणि बोलता बोलता पुढे सटकणं अशक्य होतं. हे क्लेटनने ओळखूनच वेळ साधली असावी.

ठराव क्रमांक सत्तावीस तिने मागे घ्यावा, असं त्याचं म्हणणं होतं. रस्ते, पूल, अग्निशमनाची गाडी, शाळेचं छप्पर, हे गावसभेचं काम. देशाची राज्यघटना बदला म्हणून ऑर्डवेसारख्या गावाने ठराव करायचा म्हणजे हसं करून घेणं. बाबांनी एकतीस वर्षं सभा चालवली, आता तो चालवत होता, आणि बाबांच्या काळात असलं काही पटलावर आलं नव्हतं.

"बाबांच्या काळात त्याची गरज नव्हती," मार्जरी म्हणाली. "दार उघड. हात भाजतायत."

त्याने दार धरलं, पण स्वतः आत गेला नाही.

मार्जरीने मडकं स्वयंपाकघरातल्या शेगडीवर ठेवलं आणि हात थंड पाण्याखाली धरले. चौतीस वर्षं गावचं वाचनालय चालवून ती निवृत्त झाली होती, आणि गेल्या जानेवारीत, उणे वीस तापमानात, ती या ठरावासाठी दारोदार सह्या मागत हिंडली होती. पंचवीस पुरल्या असत्या, एक्केचाळीस मिळाल्या. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप होता त्या धाकट्या भावाने मात्र सही केली नाही. रूफसने तिला कॉफी दिली, कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि पेन परत तिच्या हातात ठेवलं.

दीड वर्षापूर्वी, दोन हजार बाराच्या शरद ऋतूत, रूफस राज्याच्या सिनेटसाठी उभा राहिला होता. सगळं बरं चाललं होतं. मग शेवटच्या तीन आठवड्यांत रोज एक चकचकीत पत्रक टपालाने घरोघर येऊ लागलं. त्यावर बर्फात कलंडलेल्या शाळेच्या बसचा फोटो होता आणि खाली प्रश्न: 'याच्या हाती तुम्ही आपलं भविष्य देणार?' ती बस रूफसच चालवत होता. एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत, गोठत्या पावसात, ती ओढ्याकाठच्या खड्ड्यात घसरली होती. मागची काच फोडून रूफसने अकराच्या अकरा मुलं एकेक करून बाहेर काढली. कोणाला ओरखडासुद्धा आला नाही, त्याचं स्वतःचं गळ्याचं हाड तेवढं मोडलं. पत्रकावर यातलं काही नव्हतं. छापणाऱ्या संस्थेचं नाव 'आपलं खोरं, आपली मुलं' असं गोजिरवाणं होतं. तिच्यामागे कोण आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळवण्याचं बंधनही त्यांच्यावर नव्हतं. रूफस दणकून पडला. निवडणुकीत पैसा ओतणं म्हणजे मत मांडणंच, त्यावर अशा संस्थांना मर्यादा घालता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. म्हणजे मर्यादा हवी असेल तर घटनाच दुरुस्त करावी लागणार. मार्जरीने वाचनालयातल्या टेबलावर बसून हे सगळं दोन महिने वाचून काढलं होतं.

बीन्समध्ये काकवी घालताना तिला चौसष्ट साल आठवलं. बाबा पहिल्यांदा विधानसभेला उभे राहिले तेव्हा त्यांची पत्रकं वाचनालयाच्या छपाईयंत्रावर काढली होती. सोळा वर्षांची ती दांडा फिरवत होती, बारा वर्षांचा क्लेटन कागद झेलत होता आणि सात वर्षांचा रूफस ते मोजत होता आणि सारखा चुकत होता. तिघांचीही बोटं आठवडाभर जांभळी राहिली. तेव्हा विरोधी उमेदवार त्यांच्याच स्वयंपाकघरात येऊन सूप पिऊन गेला होता आणि आईने त्याला भांडी पुसायला लावली होती. बाबा एकोणीस मतांनी जिंकले. दुसऱ्या दिवशी तोच माणूस त्यांची गाय व्यायली म्हणून मदतीला आला.

*

रूफसला गावसभेला जायचं नव्हतं. निवडणूक हरल्यापासून तो टाउन हॉलकडे फिरकला नव्हता. पण सकाळी आईचा फोन आला. विनिफ्रेड वेदरबी एकोणनव्वद वर्षांची होती आणि फोनवर कधीच दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नसे.

"मार्जरी स्वयंपाकात आहे, क्लेटन व्यासपीठावर आहे. मला कोण नेणार?"

मेपलच्या झाडांना रस सुटला असता तर त्याला सबब मिळाली असती. पण थंडी उतरली नव्हती, बादल्या कोरड्या होत्या आणि रसाचा पाक उकळायच्या शेडमध्ये करण्यासारखं काही नव्हतं.

गाडीत आई सरळ समोर बघत बसली होती, मांडीवर हातमोजे. पुलाजवळ आल्यावर तिने सांगून टाकलं की ती मार्जरीच्या ठरावाच्या विरोधात मत देणार आहे.

"का?" रूफसने विचारलं.

"तुझे बाबा म्हणायचे, राग आलेला असताना घटनेला हात लावू नये. मार्जरीला राग आलाय."

"तिला माझ्यासाठी राग आलाय, आई."

"मग तुला का नाही आला?"

रूफसने पुलावर गाडीचा वेग कमी केला. त्याला राग आला होता, पण तो कोणावर आलाय ते त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं.

हॉलमध्ये लोक त्याच्याशी जरा जास्तच आपुलकीने बोलले. यंदाचा बर्फ, मेपलचं पीक, कुत्रं कसं आहे. तो पूर्वी ज्या रांगेत बसायचा तिथल्या दोघांनी उठून त्याला आपली खुर्ची देऊ केली. त्याने आईला पुढे बसवलं आणि स्वतः मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. सकाळभर रस्ते आणि पूल झाले. नव्या अग्निशमन गाडीवर तासभर भांडण होऊन जुनीच दुरुस्त करायचं ठरलं. जेवणात आईच्या पद्धतीचे बीन्स होते आणि तपकिरी पाव. रूफसने दोनदा वाढून घेतलं. बाबा व्यासपीठावर असताना तो खालच्या टेबलाखाली बसून हाच पाव खायचा आणि बाबांचा आवाज ऐकायचा. बाबा कोणाचं म्हणणं ऐकून घेताना चष्मा काढत, आणि गावातल्या सगळ्यात भांडकुदळ माणसासाठीही तो काढत.

*

सत्ताविसावा ठराव पटलावर आला तेव्हा अडीच वाजून गेले होते. क्लेटनने तो वाचून दाखवला. निवडणुकीत होणाऱ्या खर्चाला मर्यादा घालता यावी यासाठी देशाच्या राज्यघटनेत दुरुस्ती करावी, आणि न्यू हॅम्पशायर राज्याने तिला पाठिंबा द्यावा, अशी विनंती ऑर्डवे गाव आपल्या प्रतिनिधींना करीत आहे. वाचून झाल्यावर त्याने कागद पालथा ठेवला. तो पाणी प्यायला.

मार्जरी बोलली. मुद्देसूद बोलली, पण वाचनालयातल्यासारखी हळू, त्यामुळे मागच्यांना ऐकू गेलं नाही आणि तिला पुन्हा बोलावं लागलं. मग म्हातारा ऑरिन पीझली उठला. साठ वर्षं गाई राखलेला हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता आणि कधी थोडक्यातही बोलला नव्हता. त्याचं म्हणणं, पैसेवाला मूर्ख ओरडत असेल तर आपण कान बंद करू शकतो. पण कोणी किती बोलावं हे एकदा सरकार ठरवायला लागलं तर उद्या ते आपलंच तोंड बंद करेल. बऱ्याच माना हलल्या. क्लेटनलाही ते पटत होतं, खरोखर पटत होतं. पण आपल्याला ते पटावं यात आपला किती फायदा आहे, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग मागच्या भिंतीजवळून आवाज आला. "अध्यक्ष महोदय."

सभेत भाऊ भावाला अशीच हाक मारतो. तरीही क्लेटनच्या हातातला हातोडा क्षणभर वर राहिला.

"रूफस वेदरबी," तो म्हणाला. "बोला."

रूफस पुढे आला नाही, जागेवरूनच बोलला. "मी या ठरावाच्या बाजूने नाही आणि विरोधातही नाही. पत्रक कोणी पाठवलं ते मला माहीत नाही. पण ते वाचलं कोणी ते माहीत आहे. तुम्ही वाचलंत. या गावात बस घसरली त्या दिवशी काय झालं ते न बघितलेलं एकही घर नाही. आणि तरी या गावात मला एकशे नव्वद मतं कमी पडली. एकानेही फोन करून विचारलं नाही. त्याला घटनेत कुठली दुरुस्ती करणार तुम्ही?"

मग तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली. सेलेस्ट बुशे, हल्ली शाळेत नर्स होती.

"मी त्या बसमध्ये होते," ती म्हणाली. "नऊ वर्षांची. मला सगळ्यात शेवटी काढलं, कारण मी सीटखालून बाहेर येत नव्हते. पत्रक आलं तेव्हा ते खोटं आहे हे मला माहीत होतं. पण रोज येत गेलं, रोज. एकविसाव्या दिवशी मला वाटायला लागलं की मला नीट आठवत नसेल." ती मागे वळली. "मी मत द्यायलाच गेले नाही, रूफस."

ती खाली बसली. आता मत घ्यायची वेळ होती. क्लेटनने हातोडा उचललाही.

निवडणुकीनंतरच्या डिसेंबरात त्याला एक पत्र आलं होतं. त्याची खडीची खाण होती आणि खाणवाल्यांची एक संघटना होती. खडी धुतलेल्या पाण्याबद्दलचा नवा कायदा अडवायला निवडणुकीत मदत हवी, असं संघटनेने म्हटलं तेव्हा त्याने चेक लिहून दिला. कुठे जाणार हे त्याने विचारलं नाही. पत्रात त्याचे आभार मानले होते, 'आपल्या सहकार्याने हे शक्य झालं', आणि नमुना म्हणून सोबत बसचं ते पत्रक जोडलं होतं. क्लेटनने दोन्ही शेगडीत घातलं. त्या नाताळला रूफस त्याच्या शेजारी बसून जेवला होता.

त्याने हातोडा खाली ठेवला. सभाध्यक्षाने मत मांडायचं नसतं. मांडायचंच असेल तर आधी जागा सोडायची असते. बाबांनी एकतीस वर्षांत ती एकदाही सोडली नव्हती. क्लेटनने गावच्या कारकुनाला खुणेने बोलावलं, हातोडा त्याच्या हातात दिला आणि तीन पायऱ्या उतरून खाली आला. बासष्टाव्या वर्षी त्याचे गुडघे धड राहिले नव्हते, त्यामुळे एवढ्यालाही वेळ लागला.

"मलाही हा ठराव पटत नाही," तो म्हणाला. "ऑरिन म्हणतो ते मला बरोबर वाटतं. पण मत घ्यायच्या आधी एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. त्या पत्रकाला माझे पैसे लागले होते. संघटनेने मागितले, मी दिले, पुढे काय झालं ते विचारलं नाही. डिसेंबरात मला कळलं. तेव्हापासून मी गप्प आहे."

तो आईकडे बघत नव्हता आणि मार्जरीकडेही नाही. तो मागच्या भिंतीकडे बघत होता. रूफसने टोपी उचलली, दार उघडलं आणि तो बाहेर गेला.

*

विनिफ्रेडने आयुष्यात पुष्कळ सभा बघितल्या होत्या, पण आवाजी मतदानात कोणाचाच आवाज फुटत नाही अशी सभा तिने पहिल्यांदा बघितली. कारकुनाने दोनदा विचारलं. शेवटी ऑरिनने मोजणीची मागणी केली. म्हणजे जुन्या रिवाजाप्रमाणे ठरावाच्या बाजूचे खिडक्यांकडे आणि विरोधातले हॉल तापवणाऱ्या शेगडीकडे, असं उभं राहायचं.

खुर्च्या सरकल्या. नवरे एका बाजूला आणि बायका दुसऱ्या, असंही दोन-तीन घरांत झालं. विनिफ्रेड काठी टेकत शेगडीकडे निघाली.

मार्जरी खिडकीजवळून आली आणि तिने आईचा दंड धरला. तिचा चेहरा लाल झाला होता. "आई, आता तरी इकडे ये. ऐकलंस ना तू?"

"ऐकलं. क्लेटनने केलं ते क्लेटनने केलं. घटनेने काही केलेलं नाही."

"मग त्याने केलं ते चालतं तुला?"

"नाही चालत," विनिफ्रेड म्हणाली. "ते मी त्याला घरी सांगेन. हात सोड, मार्जरी, मला तोल सांभाळायचाय."

मार्जरीने हात सोडला. शेगडीजवळ उभी असताना विनिफ्रेडला नवऱ्याची, एमोसची, फार आठवण आली. लग्नानंतरच्या पहिल्या गावसभेत तो आणि ती अशीच समोरासमोरच्या भिंतींना उभी होती, ओढ्यावरच्या पुलासाठी. ती जिंकली होती. घरी जाताना त्याच पुलाच्या जागी थांबून त्याने विचारलं होतं की पूल नक्की कुठे हवाय, दाखव. राग वगैरे काही नाही. माणसं तेव्हा हरत आणि मग उद्याच्या कामाला लागत. आता तिची दोन मुलं समोर होती, एक खिडकीपाशी रडू आवरत, एक पायऱ्यांजवळ कोणत्याच बाजूला नसलेला, आणि तिसऱ्याचा पत्ता नव्हता. तिने दोन्ही हातांनी काठीवर भार दिला.

तेवढ्यात दार उघडलं. रूफसच्या टोपीवर आणि खांद्यांवर बर्फ होता. त्याने हॉलच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली, आई कुठे उभी आहे ते बघितलं, मधल्या रांगेतली एक खुर्ची उचलली आणि शेगडीपाशी आणून ठेवली.

"बस," तो म्हणाला.

ती बसली. "तू इथे थांबतोयस?"

"नाही."

तो हॉलच्या रिकाम्या मध्यातून चालत पलीकडे गेला आणि मार्जरीच्या शेजारी उभा राहिला. क्लेटनच्या अगदी जवळून गेला, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

कारकुनाने बोट दाखवत दोनदा मोजलं. खिडक्यांकडे अडुसष्ट, शेगडीकडे सत्तावन्न. ठराव मंजूर झाला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. राज्याच्या राजधानीला, कॉनकॉर्डला, आणि वॉशिंग्टनला पाठवायच्या पत्रांवर मार्जरीने तिथेच बसून पत्ते लिहिले. पत्ता चुकल्यामुळे एक पाकीट वाया गेलं.

*

बाहेर अजून उजेड होता. क्लेटन आपल्या ट्रकच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. खरं तर काच केव्हाच साफ झाली होती. रूफस आईला गाडीत बसवून त्याच्याकडे आला. मार्जरी मडकं घेऊन पायऱ्यांवर थांबली. गरज पडलीच तर मध्ये पडायचं असं तिने ठरवलं होतं, पण कोणाच्या बाजूने ते ठरवलं नव्हतं.

क्लेटनने माफी मागायला सुरुवात केली. रूफसने हात वर करून त्याला थांबवलं. ते आज नको, तो म्हणाला, आज ऐकलं तर मी काहीतरी बोलून बसेन. दोघंही जमिनीकडे बघत उभे होते, लहानपणी बाबांपुढे राहायचे तसे.

"आज हॉलमध्ये सव्वाशे माणसं होती," रूफस म्हणाला. "पत्रक सगळ्या मतदारसंघात गेलं. पंधरा गावांत."

"माहीत आहे."

"नोव्हेंबरात मी परत उभा राहतोय. मघाशी बाहेर ठरवलं. चिखल वाळला की मे महिन्यात घरोघर जाणार. तू माझ्याबरोबर यायचं."

क्लेटनने मान वर केली. "मी? लोक मला दारात उभं करतील?"

"नाही केलं तर पुढच्या दारी."

"माझे गुडघे, रूफस."

"हळू जाऊ."

क्लेटनने खरवडणी ट्रकमध्ये टाकली. दार लावलं, पुन्हा उघडलं. "दार उघडलं की मी बोलू काय?"

"आधी नाव सांगायचं. त्या पत्रकावर तेच नव्हतं."

पायऱ्यांवरून मार्जरीला शब्द ऐकू आले नाहीत. क्लेटनने दोनदा मान हलवली, आणि रूफस वळून गाडीकडे निघाला, एवढंच तिला दिसलं. तिने मडकं दुसऱ्या हातात घेतलं आणि दोघांनाही मध्येच हाक मारून विचारलं की उरलेले बीन्स कोणाला हवेत. आईने गाडीची काच खाली करून सांगितलं, मला.

मेच्या दुसऱ्या शनिवारी ते निघाले. पहिलं घर शेजारच्या गावात, नदीकाठी होतं. ओळखीचं नव्हतं. एक मध्यमवयीन बाई पीठ लागलेल्या हातांनी दारात आली. रूफस दोन पावलं मागे थांबला. क्लेटनने टोपी काढली, स्वतःचं नाव सांगितलं, मागे उभा आहे त्याचं सांगितलं, आणि मग ते पत्रक, तो चेक, ती बस, ती अकरा मुलं, सगळं. मध्ये दोनदा अडखळला. बाईने मध्ये काही विचारलं नाही.

"एवढं सांगायला इतक्या लांबून आलात?" शेवटी ती म्हणाली.

"हो."

"आज अजून किती घरं?"

क्लेटनने मागे वळून भावाकडे बघितलं.

"चाळीस," रूफस म्हणाला.

बाईने दार पूर्ण उघडलं. "मग आधी आत येऊन कॉफी घ्या," ती म्हणाली, "आणि बूट बाहेर काढा."